ओमचं नाव एवढंसंच कसं?

अंगणवाडीत लिहिण्याला तोटा नाही. हजेरी, आहारवाटप, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं सरकारी ॲप मोबाईलवर आलं तरी रजिस्टरं काही हातची सुटली नाहीत. त्यामुळे आमची पोरं बाईंना दिवसभर बघतात ती खाली मान घालून लिहितानाच. बाहुल्यांच्या कोपऱ्यात मी काही पाठकोरे कागद, एक जुनी वही आणि पेन्सिलींचे तुकडे ठेवलेत. ज्याला वाटेल त्याने घ्यावं, हवं ते गिरगटावं.

गावाला हे पटत नाही. तालुक्याच्या नर्सरीत पोरं चार रेघी वह्या भरतात आणि आमची बाई वाळूत बोटं फिरवायला लावते, अशी कुरकूर मला रोज ऐकू येते. ओमचे वडील तर दर आठवड्याला दारात उभे असतात, ‘बाई, पोरगं अजून ‘अ’ काढीना.’ मनगटात आठ हाडं असतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांतली निम्मीसुद्धा कडक झालेली नसतात, हे त्यांना किती वेळा सांगायचं? ‘अ’ची वळणं म्हणजे त्या हाताला घाटरस्ताच. आधी कणीक मळू दे, चिंचोके वेचू दे, मणी ओवू दे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तीही पानं, बिया, शंख-शिंपल्यांवरच. पण हे ऐकून घ्यायला ओमच्या वडिलांना वेळ कुठे?

त्या दिवशी पाऊस धो धो होता आणि नेमक्या मुख्यसेविका मॅडम, म्हणजे आमच्या पर्यवेक्षिका, भेटीला आल्या. मी वजनकाट्यापाशी, मदतनीसताई खिचडीकडे. मॅडमनी हजेरी मागितली. माझी व्हायची होती. तेवढ्यात आमची आजीबाई पुढे झाली. वय साडेचार, पण बोलणं असं की सगळी आळी तिला आजीबाईच म्हणते. हातात ती जुनी वही.

‘ही घ्या हजेरी. म्या केलीया.’

मॅडम हसल्या, पण वही हातात घेतल्यावर त्यांचं हसू थांबलं. पानावर एकाखाली एक नागमोडी रेघा होत्या. पार डावीकडून सुरू केलेल्या, प्रत्येक मुलाची वेगळी. मधे काही ठिकाणी नुसता गोळा.

‘बाळा, हे गोळे कशाचे?’

‘न्हाई आल्याली.’

मॅडमनी तिला वाचायला लावलं. ती बोट ठेवून वाचत गेली, मी मुलं बघत गेले. सगळं बरोबर. जुळ्या बहिणींच्या दोन रेघा तिने शेजारी शेजारी काढून वर एकच आडवी रेघ ओढलेली. ती शिरोरेघ होती की दोघींची एक छत्री, मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी गंमत पुढेच. वर्गात सगळ्यांत धिप्पाड आमचा ओम. त्याची रेघ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळ्यांत बारकी ज्ञानेश्वरी. तिला जेमतेम एक टिंबाएवढी खूण. (नावं बदललीत, पण लांबी-आखूडपणा तोच ठेवलाय.) मी फळ्यावर दोन्ही नावं लिहून दाखवली. आजीबाई फळ्याकडे बघतच राहिली.

‘चुकलं बाई. ह्ये उलटं हाय.’

‘उलटं कसं?’

‘त्यो केवढा, ती केवढी! ओमचं नाव एवढंसंच कसं?’

मुलं लिहा-वाचायला कशी शिकतात याच्या अभ्यासक एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी अर्जेंटिनातल्या मुलांबरोबर काम करून १९७९ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे. वस्तू मोठी तर तिचं नावही लांब असणार, असं मुलं आधी धरून चालतात. प्रशिक्षणात हे ऐकताना मी मान डोलावली होती. समोर पोरगी कमरेवर हात ठेवून भांडत असताना ते वेगळंच वाटतं. तिला एकही अक्षर येत नव्हतं. पण लिहिलेलं वाचता येतं, प्रत्येकाची खूण वेगळी असते, ती डावीकडून सुरू होते, एवढं तिचं तिने गोळा केलं होतं. ‘अ’ दहादा गिरवून यातलं काही आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग टाळ्या वाजवल्या. ओ-म. ज्ञा-ने-श्व-री. सगळा वर्ग वाजवायला लागला. नाव माणसाच्या अंगावर नाही, तोंडातल्या आवाजावर जातं, हे काहींना तिथेच उमगलं असावं. आजीबाईने टाळ्या वाजवल्या, पण तोंड वाकडंच. खिचडीनंतर तिने पाटी घेतली, फळ्याकडे बघत बघत अख्ख्या पाटीभर एकच ओबडधोबड ‘ओ’ काढला आणि ओमच्या हातात दिला. ‘म’ला जागाच उरली नाही.

मॅडमच्या भेटपुस्तकात ‘अक्षरओळख’ असा रकाना नव्हता, पण शेऱ्यात त्यांनी आजीबाईच्या हजेरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून नेला.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला. मी प्रत्येकाच्या नावाची कार्डं करून दोरीला लावली होती. ओम आला तो रडवेला. घरी जाऊन त्याने नाव लांब करून द्या म्हणून रात्री उशिरापर्यंत हट्ट धरला होता. वडील मागे उभे. ‘बाई, ह्याला आडनावासकट लिहून द्या, न्हाईतर हा जेवायचा न्हाई.’ मी त्याचं, वडिलांचं, आडनाव असं सगळं एका पट्टीवर लिहिलं. वडिलांनी स्वतःच्या नावावर त्याचं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे गडी जागेवर बसला. आता बाकीच्यांनाही तेवढीच लांब पट्टी हवीये, आणि माझा पुठ्ठा संपलाय.