डावीकडून पहिला

विंडोजवर एखादे सॉफ्टवेअर स्वतः बिल्ड करायला, म्हणजे त्याच्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायला बसले, की सुरुवातीचा बराचसा वेळ पत्ते सांगण्यातच जातो. हेडर फाइली (कोडला लागणाऱ्या घोषणांच्या फाइली) कुठे आहेत हे कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरला ‘इन्क्लूड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रॅमांना वाचता येणाऱ्या नावाच्या सेटिंगमधून कळते, लायब्रऱ्या (आधीच तयार असलेल्या कोडचे संच) कुठे आहेत हे सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरला ‘लिब’मधून कळते, आणि खुद्द कंपायलर व लिंकर कोणत्या फोल्डरात आहेत हे कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीला, ‘पाथ’मधून समजते. तिन्हींची रचना एकच: फोल्डरांची नावे एकापुढे एक आणि मध्ये अर्धविराम. शोध डावीकडून सुरू होतो आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की तिथेच थांबतो. पुढे तिच्याहून योग्य फाइल असेल, याची चौकशी कुणी करत नाही.

फाइल मुळीच न सापडणे हा त्यातल्या त्यात सुखाचा प्रकार म्हणायला हवा. ‘विंडोज.एच’ मिळाली नाही तर कंपायलर ‘सी१०८३’ ही त्रुटी दाखवतो, ‘कर्नल३२.लिब’ मिळाली नाही तर लिंकर ‘एलएनके११०४’ म्हणून अडून बसतो, आणि दोघेही हरवलेल्या फाइलीचे नाव सांगतात. खरा घोळ भलतीच फाइल सापडल्यावर होतो. याचा नामी नमुना म्हणजे ‘लिंक’. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचे नाव हेच, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या विंडोज आवृत्तीबरोबर येणाऱ्या युनिक्स पद्धतीच्या साधनांतही याच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याचे काम फक्त हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलीला दुसरे नाव, तयार करण्याचे. पाथमध्ये गिटचा तो फोल्डर आधी आला, तर कंपायलरने तयार केलेल्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली या बिचाऱ्याच्या पुढ्यात येऊन पडतात आणि तो ‘एक्स्ट्रा ऑपरंड’, म्हणजे जास्तीचे काहीतरी दिले आहे, एवढेच सांगून मोकळा होतो. हे वाचून माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, आणि त्यात त्याचा काही दोष आहे असे मला वाटत नाही.

‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डराच्या नावात मोकळी जागा ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना कमांड लाइनवर फारसे काम करावे लागत नसावे. अवतरणचिन्हे विसरली तर लिंकर त्या जागेपाशीच नाव तोडतो, पहिल्या तुकड्याला विस्तार (फाइलीच्या नावाचे शेपूट) नाही म्हणून स्वतःच ‘ओबीजे’ जोडतो आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘प्रोग्राम.ओबीजे’ ही कधीच नसलेली फाइल उघडता येत नसल्याची तक्रार करतो. नावांवर विसंबू नये असे विंडोज इतरत्रही शिकवतेच: ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली असतात आणि ‘सिसवॉव६४’मध्ये ३२ बिटांच्या. बिल्ड करताना ही दोन कुळे एकत्र आली तर लिंकर ‘एलएनके१११२’ देऊन सरळ नकार देतो, जे ठीकच आहे.

आणखी एक खाचखळगा वेळेचा आहे. प्रत्येक प्रक्रियेला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, या सगळ्या व्हेरिएबलांची (एन्व्हायर्नमेंटची) प्रत तिच्या जन्माच्या वेळीच मिळते, त्यामुळे सेटिंग्जमध्ये पाथ कितीही नीट केला तरी आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुन्याच पत्त्यांवर फिरत राहते. व्हेरिएबल कायमचे बदलणाऱ्या ‘सेटएक्स’ या आज्ञेने पाथ बदलण्याच्या वाटेला तर जाऊच नये, ती आज्ञा १०२४ अक्षरांपुढचा मजकूर छाटून टाकते आणि तो छाटलेला पाथच कायमचा जतन होतो.

म्हणून हे पत्ते कायमस्वरूपी पाथमध्ये कोंबण्यापेक्षा व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारी डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडणे मला पसंत आहे. तिच्यामागची बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) हवे ते फोल्डर पाथच्या अगदी डावीकडे आणून ठेवते, आणि खिडकी बंद केली की ती सगळी मांडणी तिच्याबरोबरच जाते. तिथेही काम सुरू करण्याआधी ‘लिंक’ नावाचे प्रोग्रॅम कुठे कुठे आहेत ते पाथच्या क्रमाने दाखवणारी ‘व्हेअर लिंक’ ही आज्ञा मी देतोच. दोन ओळी आल्या तरी हरकत नसते, फक्त वरची ओळ मायक्रोसॉफ्टच्या लिंकरची हवी.