विलोचे जिवंत खुंट लावून नदीचा काठ धरला, माझा अनुभव

नदी जिथे वळते तिथला बाहेरचा काठ दर पुरात थोडा थोडा ढासळतोय हे दिसत होतं, आणि जो तो म्हणायचा भिंत बांधा. मला ते पटत नव्हतं, कारण भिंतीवर आपटलेलं पाणी जोर कमी न करता पुढे जातं आणि भिंत संपली की तिथला काठ खायला लागतं. म्हणून मग परवानगी वगैरे घेऊन (ती आधीच घ्या, नदीपात्रातलं काम आहे) आम्ही काही जणांनी विलोचे (हे ओलसर जागी, नदीकाठी वाढणारं झाड) जिवंत खुंट, म्हणजे ताज्या तोडलेल्या फांद्यांचे तुकडे, काठात ठोकून लावायचं ठरवलं.

विलोच का, तर त्याच्या फांदीतच मुळांचे अंकुर आधीपासून झोपलेले असतात. ओल मिळाली की ते फुटतात, रोप वाढवायची भानगडच नाही. फक्त जात स्थानिकच घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणलेले विलो नद्यांच्या काठाने इतके पसरलेत की आता तेच काढत बसावं लागतंय.

फांद्या तोडायच्या त्या झाड सुप्तावस्थेत असताना, म्हणजे पानं गळल्यावर आणि नवीन डोळे फुटायच्या आत. जाडी साधारण 2 ते 4 सेंमी. खालचं टोक तिरपं कापायचं आणि वरचं सपाट, त्यामुळे ठोकायला सोपं जातं आणि गडबडीत कुणी उलटा खुंट लावत नाही, डोळे वरच राहतात. वेगवेगळ्या झाडांवरून थोड्या थोड्या घ्या, एकाच झाडाला बोडकं करू नका. कापलेल्या फांद्या आम्ही सावलीत पाण्यात बुडवून ठेवल्या, वाळल्या की संपलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोली. खुंटाचं खालचं टोक कोरड्या दिवसांतही ओल राहते तिथपर्यंत गेलंच पाहिजे. पुस्तकात 60-90 सेंमी लांबी दिलेली असते पण काठ उंच असेल तर त्याहून लांबच लागतात, आमच्याकडे वरच्या ओळीला लागले. दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग जमिनीत आणि वर दोन-चार डोळे, बस. बाहेर जास्त ठेवलं तर तेवढी पानं फुटतात आणि मुळं यायच्या आत सगळं पाणी उडवून टाकतात. कडक मातीत आधी पहारीने भोक पाडायचं, मग रबरी हातोड्याने ठोकायचं, वरचं टोक चिरलं तर तेवढं कापून टाकायचं. आणि नंतर माती पायाने दाबून पाणी ओतायचं, कारण खुंटाभोवती हवा राहिली तर तिथे मूळ धरत नाही. अंतर 60 ते 90 सेंमी, ओळी एकाआड एक सरकवून, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नुसत्या खुंटांनी काठ थांबत नाही. पाणी खालून पायथा कोरत असेल तर वर कितीही लावा, मुळं धरायच्या आत सगळा तुकडा खाली येतो. आम्ही पायथ्याशी दगड आणि काथ्याचे लांब गुंडाळे बसवले, आणि माझ्या मते निम्मं यश तिथलंच आहे.

काही आठवड्यांत पानं आली तेव्हा सगळ्यांना वाटलं जमलं! पण ती पहिली पालवी फांदीत साठलेल्या अन्नावरच येते, मुळं नसतानाही येते. खरी परीक्षा उन्हाळ्यात. तेव्हा पाणी घालणं, उंच गवत काढणं (विलोला सावली अजिबात चालत नाही) आणि गुरांपासून जाळीने वाचवणं हे न कंटाळता करावं लागतं. वरच्या कोरड्या ओळीतले बरेच वाळले, खालच्या ओळीतले बहुतेक जगले.

त्यानंतरच्या पुरात कोवळ्या काड्या पाण्याबरोबर आडव्या झाल्या आणि पाणी उतरल्यावर परत उभ्या राहिल्या, त्यांच्यामध्ये गाळ साठलेला होता आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाळलेल्यांच्या जागी पानगळीनंतर नवीन लावणार आहोत, या वेळी वरच्या ओळीला आणखी लांब खुंट.