खाडीकाठची व्हर्टिकल: एसडब्ल्यूआरचं भूत सापडलं

मंडळी, मागच्या नोंदीतलं भूत, म्हणजे माझ्या हॅम रेडिओच्या अँटेनाचा विनाकारण बदलणारा एसडब्ल्यूआर (अँटेना आणि केबलचा मेळ सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण मेळ), अखेर सापडलं. दाभोळ खाडीच्या बांधावरची ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झ) व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, कधी १.१ दाखवायची, कधी १.४. कोॲक्स (अँटेनाची केबल) बदलला, कनेक्टर नव्याने सोल्डर केले, चोकवर (केबलवरचा नको तो करंट अडवणाऱ्या भागावर) फेराइट चढवले, फरक शून्य.

मग ध्यानात आलं, बिघाडाची वेळ रोज पाऊण तास पुढे सरकतेय. शेजारचे तांडेल म्हणाले, “तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल.” चतुर्थीला तीनचा सुमार. नॅनोव्हीएनएवरचा (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावरचा) डिप, म्हणजे एसडब्ल्यूआरचा तळ, नेमका तेव्हाच हललेला!

खरी गंमत पुढे आहे. पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा रेझिस्टन्स आदर्श जमिनीवर साधारण ३६ ओम. कोॲक्स ५० ओमचा, आणि ५० भागिले ३६ म्हणजे १.४. भरतीला रेडियलवर (अँटेनाच्या बुडाशी जमिनीवर पसरलेल्या तारांवर) खारं पाणी चढतं, जमिनीतला लॉस जवळजवळ संपतो आणि मीटर नाक मुरडतो. ओहोटीला लॉसचे वरचे १४ ओम मिळून ५० होतात, ते चिखल तापवतात आणि मीटर खूश! समुद्राच्या पाण्याची वाहकता ५ सीमेन्स प्रति मीटरच्या आसपास, ७ मेगाहर्ट्झची लहर त्यात जेमतेम ८-९ सेंटीमीटर शिरते. साध्या जमिनीत तीच काही मीटर खोल जाते.

संगणकावरच्या मॉडेलमध्ये हे दिसणारच नव्हतं. नेक-२ (अँटेनाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) दुसरं माध्यम, म्हणजे इथे पाणी, फक्त फार-फील्डच्या (दूरवरच्या) परावर्तनाला धरतं, अँटेनावरच्या करंटला त्याचा पत्ताच नसतो.

परवा रात्रीच्या भरतीला १० वॉटवर इटलीशी संपर्क, तोही पहिल्याच हाकेला! जांभ्याच्या सड्यावरून हे कधी जमलं नव्हतं. श्रेय रेडियलना देऊ नका. क्षितिजापासून ५ अंश वर निघणाऱ्या, दूर जाणाऱ्या लहरीचं परावर्तन बरंच पुढे, खाडीच्या पात्रात होतं.

आता रेडियल वाढवणार होतो, पण लिहिता लिहिताच बेत बदलला. आहेत तेवढेच ठेवतो, फीडपॉइंटला (केबल जोडते तिथे) ३६ ओमचा मेळ बसवायला हेअरपिन, म्हणजे तारेचा छोटा फास, लावतो आणि नॅनोव्हीएनए जुन्या लॅपटॉपला जोडून रात्रभर रेझिस्टन्स नोंदवतो. आलेख भरतीचाच निघायला हवा. भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) पाणी रेडियलपर्यंत पोचत नाही, म्हणून सुरुवात अष्टमीला, मग अमावास्येचं उधाण. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की पुन्हा एकदा.

तांब्याच्या तारा मात्र आत्ताच हिरव्या पडल्यात. कल्हईची तार खाऱ्या चिखलात कुणी वापरलीय का?