समरकंद कुठून बघायला घ्यावं?

आम्ही समरकंद उलटं पाहिलं. ताश्कंदहून अफ्रासियाब रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत पोचलो आणि थेट रेगिस्तान चौक गाठला. तिथले तीन मदरसे पाहिल्यावर बाकीचं गाव फिकं वाटू लागलं. (या गाडीची तिकिटं लवकर संपतात, आधीच काढून ठेवा.)

तुम्ही सुरुवात ईशान्येकडच्या मातीच्या टेकाडापासून करा. त्याचंही नाव अफ्रासियाब. वर गवत आणि खड्डे, बाकी काही नाही. पण मूळ समरकंद हेच. इ.स.पू. ३२९ मध्ये सिकंदर आला तो इथे, ७१२ मध्ये अरब आले तेही इथेच. १२२० मध्ये चंगीझखानाच्या फौजेने शहर उद्ध्वस्त केलं, पाण्याची व्यवस्था मोडली आणि वस्ती दक्षिणेला सरकली ती कायमचीच. शेजारच्या संग्रहालयात सातव्या शतकातली, इथल्या प्राचीन सोग्दी लोकांची भित्तिचित्रं आहेत. रंग उडालेत, तरी भेटी घेऊन आलेले देशोदेशीचे दूत ओळखू येतात. तासभर तरी द्या.

पुढे उलुगबेगची वेधशाळा. उरलाय फक्त ग्रहताऱ्यांची उंची मोजायच्या प्रचंड यंत्राचा, जमिनीत खोदलेला वक्र चर, त्यामुळे बरेच जण पाच मिनिटांत परततात. तैमूरच्या या नातवाने १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची सारणी सिद्ध केली. १४४९ मध्ये पोटच्या मुलानेच त्याला मारवलं. वेधशाळा मातीखाली गेली, ती १९०८ मध्ये सापडली. जयपूरच्या सवाई जयसिंहाने उलुगबेगच्याच सारण्या अभ्यासल्या होत्या. जंतरमंतर पाहिलं असेल तर इथे पाय निघत नाही.

मग गावाकडे परत फिरा. शाह-इ-जिंदाची, म्हणजे जुन्या कबरींची निळी गल्ली सकाळ सरायच्या आत गाठा, गर्दी नसते. बिबी खानम मशीद दिल्लीच्या स्वारीनंतर, १३९९ मध्ये तैमूरने बांधायला घेतली. दगड ओढायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते म्हणतात. त्याच्या कबरीच्या शापाची गोष्ट गाइड सांगतोच, ऐकून घ्या. मला मात्र आठवत राहिला बाबर. १४९७, १५०० आणि १५११, तीनदा त्याने हे शहर घेतलं, तीनदा गमावलं. ते टिकलं असतं तर पानिपतापर्यंत आला असता का, कोण जाणे.

रेगिस्तान शेवटी, दिवेलागणीला. जाताना सियाब बाजारातून नान घ्या; शाकाहारींचा तोच आधार. फक्त तो पालथा ठेवू नका, तिथे ते अशुभ मानतात.