न झाडताच तडकलेल्या पुंगळ्या

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या ज्या प्रयोगशाळेत मी धातुतज्ज्ञ म्हणून काम करते, तेथे मोडलेल्या वस्तू येतात: बॉयलरच्या नळ्या, पंपांचे दांडे, नळजोडणीचे पितळी सांधे. वस्तू का मोडली हे शोधून लेखी सांगणे, एवढेच आमचे काम असते. त्या जुलैमध्ये, हवा मुंबईसारखी दमट झालेली असताना, एक निवृत्त शिक्षक झाकणबंद प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले. आत .३०८ विंचेस्टर रायफलीच्या पन्नास पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची नळीसारखी कवचे, होत्या आणि त्यांपैकी सतरांच्या गळ्यांना, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडांना, उभ्या चिरा गेल्या होत्या. आमच्याकडे जिवंत काडतूस आणायला मनाई असल्यामुळे गोळी आणि दारू काढून त्या रिकाम्या केलेल्या होत्या. झाडून झालेली पुंगळी पुन्हा भरून वापरता येते, पण चकित करणारी गोष्ट अशी, की या वेळी भरल्यानंतर त्यांपैकी एकही झाडलेली नव्हती. मागच्या हिवाळ्यापूर्वी भरून ठेवलेली काडतुसे डब्यात पडल्या पडल्याच तडकली होती.

हे गृहस्थ हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, नेम धरणारे. ईरी सरोवराच्या काठावरील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धांना ते नियमाने जात. एवढ्या अंतरावर गोळीच्या वेगातला थोडासा फरकही लक्ष्यावर वर-खाली उमटतो, म्हणून ते पुंगळ्या फार निगुतीने निवडत. प्रत्येक पुंगळी तोलून तिचा गट ठरवायचा, कारण बाहेरचे माप सारखे असताना वजन जुळले, तर आतली पोकळीही बहुधा जुळते. मग गळ्याची जाडी चार ठिकाणी मोजायची, कारण एका बाजूला जाड असलेला गळा गोळीला सरळ धरून ठेवत नाही. हे सारे त्यांनी वहीत टिपलेले होते, आणि ती वही माझ्यापुढे उघडून ते म्हणाले, ‘‘माझ्या निवडीत चूक नाही, तेव्हा खोट धातूतच असली पाहिजे. तुम्ही तसे लिहून द्या.’’

मी झाकण काढले आणि त्या वासाने मला थेट साताऱ्याला आजीच्या वाड्याच्या अंगणात नेले. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकी तेव्हा नाकात झोंबणारा पांढरा धूर उठे. हा वास त्याचाच भाऊबंद होता. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. मी विचारले, ‘‘या तुम्ही कशाने पुसता?’’ त्यांनी जराही न लपवता सांगितले, की काडतूस भरून झाले की घरातले धातू चकचकीत करणारे पॉलिश लावून ते घासायचे आणि लगेच डब्यात ठेवायचे. त्या पॉलिशमध्ये अमोनिया होता. पुंगळ्यांच्या खांद्यांवर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, फिकट निळसर डाग दिसत होते, ते तांब्याने अमोनियाला दिलेले उत्तर होते.

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. ते ओढायला उत्तम आणि ठोकले की घट्ट होणारे असते. पण ताण, ओलावा आणि अमोनिया हे तिघे एकत्र आले की ते धातूच्या सूक्ष्म स्फटिककणांच्या सीमांवरून उसवू लागते. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पागांजवळ साठवलेली फौजेची काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत, कारण घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटत असे. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये या तडकण्याची सविस्तर मीमांसा प्रसिद्ध केली. पुण्यात शिकताना हे वाचले होते, पण प्रत्यक्ष पुंगळीत ते मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

एक गळा उभा कापून राळेत बसवला, आरशासारखा घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चीर वाकडीतिकडी, फाटे फुटलेली, एकेका कणाला वळसा घालत गेलेली होती. (पितळेचे कण स्पष्ट दिसावेत म्हणून आम्ही जो द्राव लावतो, त्यातही अमोनियाच असतो, तो मी मुद्दाम चिरेचे छायाचित्र घेऊन झाल्यावरच लावला.) मग कठिणता मोजली. नव्या पुंगळीच्या गळ्यावर आकडा १०० व्हिकर्सच्या (कठिणतेचे माप) आसपास आला, त्यांच्या गळ्यावर १५५. प्रत्येक पुंगळी नऊ वेळा झाडलेली होती. दर वेळी गळा फुलतो, डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणणाऱ्या साच्यात, आवळला जातो आणि पुन्हा गोळीभोवती ताणला जातो. तांबटाला विचारले असते तर त्याने सांगितले असते, की एवढे काम झालेल्या भांड्याला मध्ये ताव द्यावाच लागतो, म्हणजे ते तापवून मऊ करावे लागते. यांनी तो कधीच दिला नव्हता.

हे ऐकल्यावर ते म्हणाले, ‘‘मग उद्याच सगळ्या ओव्हनमध्ये तापवतो.’’ मी त्यांना घाईने थांबवले. ताव द्यायचा तो फक्त गळ्याला आणि खांद्याला, काही सेकंद. बूड थंडच राहिले पाहिजे. ६२ हजार पौंड प्रति चौरस इंच एवढ्या कमाल दाबासाठी आखलेल्या काडतुसात ते बूड मुद्दाम कठीण ठेवलेले असते, आणि ते मऊ पडले तर तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

बुडाचा विषय निघाला म्हणून मी एक न तडकलेली पुंगळी दिव्याखाली फिरवली. बुडाच्या जरा वर, सभोवार, एक बारीक उजळ कडे दिसले. ती मधोमध कापली, तेव्हा त्या कड्याच्या आतल्या बाजूला भिंत खोबणीसारखी खचलेली होती. माझ्या पोटात धस्स झाले, कारण गळ्याची चीर डोळ्यांना दिसते आणि तशी पुंगळी माणूस टाकून देतो. हे मात्र कोणी पाहिलेच नव्हते. बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यापर्यंत, सरकते आणि मधली भिंत ताणली जाते. हे गृहस्थ साइझिंग डाय पूर्ण खाली उतरवून खांदा गरजेपेक्षा फार मागे ढकलत होते, त्यामुळे हा ताण दर वेळी वाढत गेला होता. त्यांच्या बोल्ट रायफलीला खांदा २ सहस्रांश इंच, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, मागे सरकला तरी पुरते. आणखी एक-दोन बारांत बूड तुटून वेगळे झाले असते.

मी टेबलावरची कागद लावायची तारेची क्लिप सरळ केली, तिच्या टोकाला आकडा दिला आणि त्यांच्या हाती दिली. ‘‘आतून भिंतीला टेकवून बुडाकडून वर ओढा.’’ त्यांनी डोळे मिटून ती हळूहळू ओढली, एका जागी हात अडखळला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अहवालात मी लिहिले, की घडणीतला दोष आढळला नाही. न तडकलेल्या बाकीच्या पुंगळ्या त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक करून तारेने तपासल्या आणि जिथे तार अडली त्या डावीकडे ठेवल्या. अशा अकरा निघाल्या. मग त्यांनी वही उघडून क्रमांक ताडून पाहिले. त्या अकरांपैकी सात, वजनाने सर्वांत जुळणाऱ्या गटातल्या होत्या.