पत्रपेटीवरचा पाटील

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा गल्लीत जो भेटेल तो थंडीची भीती घालायचा. पत्रपेटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि माझं घोडं अडलं ते नेमकं तिथंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून स्टुटगार्टला गेलो. आईनं बॅगेत कांदा-लसूण चटणीचे पुडे कोंबले होते. तूप घरीच राहिलं, कारण बाहेरून येणाऱ्याला दुधाचे नि मटणाचे पदार्थ तिकडं आणू देत नाहीत. पोचल्यावरचा पहिलाच दिवस रविवार. दूध आणायला बाहेर पडलो तर दुकानं झाडून बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हैस पिळून ग्लास हातात घेणारा माणूस मी! शेवटी रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं सापडलं.

खरं काम होतं पत्ता नोंदवण्याचं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते करायचं असतं. नुसता भाडेकरार चालत नाही, हा माणूस इथं राहायला आलाय असं घरमालकानं सही करून वेगळं लिहून द्यावं लागतं. अपॉइंटमेंट घेऊन कागद नेले. टेबलापलीकडच्या बाईंनी पासपोर्ट बघितला आणि सरळ विचारलं, धर्म कोणता? मी चपापलोच. आपल्याकडं हा प्रश्न आला की माणूस आधी मागचापुढचा विचार करतो. तिथं त्याचा संबंध कराशी निघाला. चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या आठ टक्के रक्कम चर्चकर म्हणून सरकारच कापून घेतं. अंबाबाईच्या पेटीत ज्याची त्याची मर्जी, एवढंच आपल्याला ठाऊक! शिक्का बसला, कागद मिळाला, फी काही नाही.

आता कर क्रमांक पोस्टानं घरी येणार होता. तो नसला तर पगारातून सगळ्यात चढ्या दरानं कर कापला जाऊ शकतो. बँकेचं कार्डही पोस्टानं, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात. मी रोज खाली जाऊन बघायचो, पेटी रिकामी. ऑफिसातल्या एकानं विचारलं, "पेटीवर नाव आहे का तुझं?" नव्हतं. आधीच्या भाडेकरूचंच होतं. पाटी बदलणं इमारत सांभाळणाऱ्यांचं काम, आणि त्यांना सवड मिळत नव्हती. तिथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबरच नसतो. रस्ता, इमारत आणि आडनाव, बस्स. पेटीवर नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत नेतो. आमच्या पेठेत 'तालमीमागं' एवढं लिहिलं तरी पत्र पोचतं, वर पोस्टमनकाका आईच्या गुडघ्याची चौकशी करून जातात.

संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत पाटील लिहिलं आणि चिकटपट्टीनं पेटीवर डकवलं, दारावरच्या बेलपाशीही. कोल्हापुरात नुसतं 'पाटील' लिहिलेलं पत्र कुठल्या कुठं जाईल. त्या अख्ख्या इमारतीत मात्र पाटील मी एकटाच.

मग पाकिटं येऊ लागली. कार्ड आलं, पिन आला, कर क्रमांक आला. त्यापाठोपाठ रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र: महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो.

फोनवर आईला सांगितलं.

"नाव काढून टाक की मग पेटीवरचं," ती म्हणाली.