रंगमंचाच्या पोटात

प्रागबद्दल काही लिहीत नाही. तिथे तीन दिवस माणसांच्या पाठीच बघितल्या. तिथून बसने तीनेक तासांवर चेस्की क्रुमलोव्ह, किल्ल्याचं गाव. सहलीच्या संयोजकांनी किल्ल्याला दिले दोन तास! आमची मंडळी खंदकातल्या अस्वलांपुढेच अडकली, तेवढ्यात मी आईला घेऊन सटकले ती थेट किल्ल्यातल्या जुन्या थिएटरच्या रांगेत. जेवण बुडालं, आणि त्याबद्दल रात्रीपर्यंत ऐकून घेतलं.

किल्ल्याचे तेव्हाचे मालक, एगेनबर्ग घराणं, त्यांनी १६८०च्या दशकात इथे नाट्यगृह बांधलं. आजचं रूप १७६५-६६चं, नंतरचे मालक योझेफ आडाम श्वार्झेनबर्ग यांनी करून घेतलेलं. नाटक, ऑपेरा, बॅले, सगळं सरदारी हौसेखातर. १७६८ साली त्यांच्या मुलाच्या लग्नात ऑपेरा झाला. आपण वरातीला बँड ठरवतो, तसंच म्हणा.

आत लाकडी बाकं, मेणबत्तीसारखा मिणमिणता उजेड आणि फोटोला बंदी. बंदीचा राग आला होता. पण रंगमंचाखाली उतरलो आणि विसरले. तिथे जहाजाच्या तळघरासारखं काहीतरी होतं. आडवे जाड लाकडी दांडे, त्यांना गुंडाळलेले दोर, आणि वरच्या फटींमधून आत येणारे विंगांचे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या रंगवलेल्या पडद्यांचे, सांगाडे. सगळे दोर एकाच मोठ्या रहाटाला जोडलेले. तो फिरवला की दोन्ही बाजूंच्या जंगलाच्या विंगा मागे सरतात आणि त्याच दमात तुरुंगाच्या विंगा पुढे येतात. पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत!

आईचे वडील, आमचे अण्णा, गावातल्या गणपतीच्या नाटकात पडदा ओढायचे. दोर अडकला की पहिली रांग ओरडायची, "अण्णा, ओढा!" आई त्या दोरांकडे बघत राहिली आणि हळूच हात पुढे केला. गाईडबाई कडाडल्या. भाषा कळली नाही, सूर कळला. आईने हात पदराखाली घेतला, पण बोटं हलत होती, गाठ चाचपल्यासारखी.

१९६६ साली हे थिएटर बंद झालं, ते दुरुस्तीनंतर १९९७ साली उघडलं. एकतीस वर्षं! आमच्या तालुक्याच्या नाट्यगृहाचं छत गळतं, तेव्हा मी फार बोलत नाही.

बसमध्ये सगळ्यांनी अस्वलांचे फोटो दाखवले. आमच्याकडे एकही फोटो नव्हता. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "एवढं लाकूड, त्यात मेणबत्त्या. नाटक संपल्यावर त्या विझवून दार लावायचं काम कोणाकडे असेल गं? त्याला झोप येत असेल का?"